बाबांनी नापास केलेल्या विटा

ति. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून सध्या अर्धाच घातलाय, उरलेला भेटीत घालीन.) तुझा गुडघा, भावोजींची शुगर आणि तुमचं ते माजोरडं मांजर, तिघेही आटोक्यात असतील असं धरून चालतो. आमच्या खुशालीबद्दल पत्र वाचून तूच काय ते ठरव.

महिनाअखेरीस येऊन बाबांना कायमचं तुझ्याकडे नेते म्हणालीस. आई गेल्यापासून ते खिडकीपाशी खुर्चीत बसून असतात, दाढी करत नाहीत, कुणाशी एक अक्षर बोलत नाहीत, हे मीच तुला फोनवर रडत सांगितलं होतं. ताई, ते दिवस किती सुखाचे होते ते आता कळतंय. महिनाअखेर कशाला, उद्याच ये.

झालं असं, की परसात पिझ्झाची भट्टी बांधायची हुक्की मला आली. (तुझी भावजय म्हणाली, घरातला ओव्हन आधी पुसा. तिच्याकडे लक्ष द्यायचं नसतं.) साध्या विटा आचेने तडकतात, भट्टीला उष्णता सोसणाऱ्या खास विटा लागतात, एवढंच मी जेवताना बोललो आणि खुर्चीतून आवाज आला, "फसवतील तुला." कित्येक आठवड्यांतलं त्यांचं पहिलं वाक्य, आणि तेही माझ्या अकलेबद्दल! दुसऱ्या दिवशी गाडी काढतो तर स्वारी आधीच पुढच्या सीटवर.

आता बाबांना विटांतलं ओ की ठो कळत नाही. पण जन्म गेला वजनमापं तपासण्यात; दुकानदारावर संशय घेतल्याशिवाय त्यांना अन्न पचत नाही. बांधकाम सामानाच्या दुकानात मालकाने चांगल्या जड, पिवळसर विटा पुढे ठेवल्या. बाबांनी खिशातून चमचा काढला (आपल्याच साखरेच्या डब्यातला, घरभर शोधत होतो) आणि कलिंगड घेतात तशी एकेक वीट वाजवून, कान लावून ऐकली. म्हणाले, "बद्द वाजते." चांगली वीट कशी वाजते, असं मालकाने विचारलं. तर म्हणाले, "तुमच्याकडे असती तर ऐकवली असती." आम्ही हात हलवत परत आलो.

मग भट्ट्या दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यातून पांढऱ्या, हलक्या विटा आणल्या. वीट भिजवल्याशिवाय लावत नाहीत, हे बाबांनी कुठल्या तरी गवंड्याकडून ऐकलेलं. त्यांनी त्या पिंपात टाकल्या आणि ताई, विटा तरंगल्या! बाबांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. शेजारीपाजारी बोलावून तो गुन्हा दाखवण्यात आला. मी घसा फोडून सांगतोय, या भट्टीला बाहेरून लावायच्या असतात, आत बारीक भोकं असतात म्हणून उष्णता अडते. "म्हणजे भोकांचे पैसे घेतो?" असं म्हणून ते ओली वीट काखेत मारून थेट कारखान्यात गेले. मॅनेजरने हात जोडून सगळा माल परत घेतला. जाताना आम्हाला चहाही विचारला नाही.

शेवटी एक बेकरीवाला जुनी भट्टी पाडतोय असं कळलं. बाबा तपासणीसाठी भट्टीत डोकं घालून शिरले ते खांद्यांपाशी अडकले. मी एक पाय धरला, बेकरीवाल्याने दुसरा. (कंबर तिथेच गेली.) काळेठिक्कर होऊन बाहेर आल्यावर धन्यवाद राहिले बाजूला, "कोपरे झिजलेत, नको," म्हणून मोकळे. रात्री जेवताना म्हणाले, "तुझी आई असती तर तिने मला तिथेच ठेवलं असतं," आणि हसले. पोट धरून हसले. मी कंबर शेकत बसलो होतो, माझ्याकडे कोण बघतो!

तर अशी ही भीक नको पण कुत्रा आवर अवस्था आहे. पहाटेच उठून दाढी करतात, नाश्ता मागून घेतात आणि आज कुठे जायचं म्हणून माझ्या मागे लागतात. माझ्या नोकरीचं काय, हे कुणी विचारत नाही. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
खरोखर विटलेला धाकटा भाऊ

ता. क. गुरुवारी तुझ्या दारात टेम्पो येईल. त्यात विटा आहेत. त्याच, पहिल्या दुकानातल्या, उत्तम. मी दुसऱ्याच दिवशी गुपचूप घेतल्या आणि गच्चीवर टाकीमागे लपवल्या. पण परवा बाबा जिना चढून गच्चीवर फिरायला गेले, तेव्हा आता तिथे धोका आहे. तू त्या गॅरेजमध्ये ठेव, वर जुनी चादर टाक. भावोजींच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यांना सांगू नकोस.

ता. क. दुसरा. बाबांना न्यायला येऊ नकोस, ताई. विटा मिळाल्या की ते पुन्हा खुर्चीत जाऊन बसतील याची मला फार भीती वाटते. उद्या आम्ही एका काचकारखान्यात, त्यांच्या भट्टीतून उरलेल्या विटा बघायला चाललोय. त्याही वाईटच निघोत, एवढी प्रार्थना कर.