तुझ्या ओव्याच्या जागी

माय, तुझा पानओवा माझ्या हातानं मेला. न्हाणीजवळच्या फुटक्या घमेल्यात तू वाढवलेला, आम्हाला खोकला आला की ज्याचं जाड पान तव्यावर गरम करून तू रस काढायचीस, तोच. तू गेल्यावर दादानं त्याची फांदी ओल्या फडक्यात बांधून लातूरला माझ्याकडं आणून दिली होती. पुढं मुखेडचं घर नव्यानं बांधताना मूळचा ओवा विटांखाली गेला, आणि उरला तो माझ्याकडचाच.

इथं नळाला कित्येक दिवस पाणी येत नाही. आलं की गल्लीतल्या बाया साठवलेलं पाणी शिळं म्हणून ओतून देतात आणि ताजं भरतात. मला ते गटारात टाकवत नसे, म्हणून मी बादल्याच्या बादल्या कुंड्यांत रिकाम्या करायचे आणि वर आपण थेंब वाया घालवत नाही म्हणून मिरवायचे. काळ्या मातीत पाणी तुंबून ओवा मुळापासून कुजला. लहानपणी मी असाच तांब्यावर तांब्या ओतत होते, तेव्हा तू माझा हात धरला होतास. "त्याला तहान तर लागू दे. तुझी हौस कशाला वतून राहिलीस?" म्हणालीस. मी ऐकते आहे, असं तुला वाटलं असेल.

त्याच कुंडीत मग लेकीनं पुण्याहून आणलेलं सेज नावाचं विलायती रोप लावलं. पान लांबट, राखाडी हिरवं, पण हाताला लव तुझ्या ओव्यासारखीच. ते मात्र मी तुझ्या शिस्तीत वाढवलं. मातीत निम्मी रेती, दुपारची सावली, बोट खुपसून कोरडं लागलं तरच पाणी. शेंडे खुडत गेले तसं ते छान डवरलं. लेक बटाटे परतताना चार पानं टाकते, माझा घसा धरला की मी उकळून पिते. परक्या झाडाला शहाणपण मिळालं आणि तुझ्याला नाही, याची मला अजून लाज वाटते.

गेल्या हिवाळ्यात दादा आला. नाक चोंदलेलं, डोळ्यांत मोतीबिंदू. बसल्या बसल्या म्हणाला, मायच्या ओव्याचा काढा कर. ओवा मेला, हे मला सांगता आलं असतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि सेजची पानं गुळासोबत उकळली. तो डोळे मिटून प्यायला.

"हाव," म्हणाला. "मायच्याच हातचा हाय."

निघताना त्यानं एक फांदी मागितली. मी ती ओल्या फडक्यात बांधून दिली, त्यानं मला दिली होती तशीच. आता ती त्याच्या दारातल्या ओट्याखाली जोमानं वाढते आहे. आल्यागेल्याला तो ‘ही आमच्या मायची’ म्हणून पान तोडून देतो आणि फोनवर मला त्याचं कौतुक सांगतो. मी हो हो म्हणते. हे सगळं त्याला लिहायला बसले होते, पण कागदावर नाव तुझं आलं. तो वाचेल म्हणून हे मी कुणाच्या हाती लागू देणार नाही.

अजून एक राहिलं. आज सकाळी सेजचं पान चुरगळून नाकाशी धरलं आणि तू समोर आलीस, पदराला हात पुसत. तुझ्या ओव्याचा वास कसा होता, तो आठवायला मी दिवसभर बसले. मला तो आठवत नाही, माय.