शिंगांचा रंग, जीपची जाळी

बाबा,

तुम्ही वावरातून यायच्या आधीच मी पुलगावले निघालो. जीप गोठ्यात उभी आहे, आज चालू करू नका.

काल देवळीच्या रस्त्यावर जीप उकळली, तेव्हा मी चार लोकांसमोर तुमच्यावर ओरडलो. घरी येऊन तुम्ही न जेवता उठले. ओरडलो ही माझी चूक. पण रंगाची चूक तुमचीच, ते सांगतोच.

बैलांच्या शिंगांचा गेल्या सालचा उरलेला ऑइल पेंट तुम्ही पोळ्याले रेडिएटरच्या जाळीवर थापला. त्या जाळीतून वारा खेळते म्हणून आतलं पाणी थंड होते. जाड रंगानं भोकंच बुजली, मग वारा जाईन कुठून? काल मिस्त्री म्हणत होता, रंग द्याचाच असन तर काळा, पातळ, पंपानं नुसता फवारलेला. तोच आणाले चाललो.

सकाळपासून थिनर अन् दात घासायच्या जुन्या ब्रशानं जाळी मोकळी केली. घासता घासता डोक्यात आलं, यंदा पोळ्याच्या तोरणाखाली आपली जोडी नव्हती. जीपसाठी बैल विकताना मी तुमाले विचारलंबी नाई.

सुनेनं भाकर झाकून ठेवली आहे, जेवून घेजा.

जाळीच्या वरच्या टाकीवरचा तुमचा लाल रंग मी राहू दिला. तिथं त्याचा एवढा त्रास नाई. खुंटीवरचे सरज्याच्या शिंगांचे गोंडे जीपच्या बंपरले बांधले आहेत. एवढ्यानं उकळली, तर उकळू द्या.

प्रल्हाद