फुलपाखरू माशाचे डाग

३ फेब्रुवारी, सोमवार
जोडी फुटली! मुकादमांनी आज मत्स्यालयाचे दिवे लवकर लावले, तर नेहमीचा पिवळाधमक फुलपाखरू मासा काळपट आणि कुशीवर पांढरे डाग. त्याचा जोडीदार कपारीत होता, तो कोणी पाहिलाच नाही. "साथ पसरायच्या आत काढा," म्हणाले. मीच जाळीनं काढून आजाऱ्यांच्या टाकीत सोडला. थोड्या वेळानं तो पुन्हा पिवळा! पण मुकादम ताकही फुंकून पिणारे. तिथंच राहू दे म्हणाले.

तळहाताएवढा जीव, पण काय नखरा! डोळ्यावर काळी पट्टी, तोंड चिमट्यासारखं. त्यानं प्रवाळातले बारीक जीव टिपून खातो. एकमेकांना सोडून हातभर लांब जात नाहीत दोघं.

४ फेब्रुवारी, मंगळवार
दोघंही उपाशी. राहिलेला नुसत्या येरझाऱ्या घालतोय.

संध्याकाळी वन्सं आल्या. रविवारी माझ्या लेकीच्या होणाऱ्या सासरची माणसं घरी येणार. वन्सं वाईट नाहीत, भाचीवर जीव आहे त्यांचा. चाचरत म्हणाल्या, "तू रविवारी ड्युटी मागून घे ना. एकदा लग्न ठरू दे, मग सांगू." म्हणजे माझ्या हातांवरच्या कोडाबद्दल. मी हो म्हणाले. माझ्यापायी लेकीचं मोडलं तर?

ह्यांनी उठून माझ्यासाठी चहा करून आणला. पहिला डाग उमटला तेव्हाही असाच आणला होता. नशीब काढलं मी, खरंच.

५ फेब्रुवारी, बुधवार
अजून खात नाहीत. पोटं खपाटीला गेलीत.

६ फेब्रुवारी, गुरुवार
आज दिवे मालवायची पाळी माझी. मालवले, पण पाय निघेना. टाकीसमोरच बसले. बाहेरून थोडा उजेड येत होता. राहिलेला मासा कपारीत शिरला, हळूहळू काळवंडला — आणि कुशीवर तेच पांढरे डाग! रोगबिग काही नाही, झोपतानाचा रंग आहे हा!

मुकादमांना अक्षरशः ओढत आणलं. बराच वेळ बघत राहिले. "मासे सांभाळून केस पिकले," म्हणाले, "पण यांना झोपलेलं कधी पाहिलं नाही."

७ फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळी एकत्र सोडले. एक गोल फेरी, मग शेजारी शेजारी प्रवाळ टिपायला सुरुवात! मला रडूच फुटलं. मुकादम दुसरीकडे बघत राहिले, भला माणूस. मी नोकरी मागायला आले तेव्हा माझे हात पाहून एवढंच विचारलं होतं — दिवसभर पाण्यात घालायची तयारी आहे का? त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

जेवताना लेकीला सगळं सांगितलं. डागांबद्दल खोदून खोदून विचारत होती. मग एकदम, "रविवारी खरंच ड्युटी आहे तुला?" मागून घेतली म्हटलं. पान अर्धं टाकून उठली.

९ फेब्रुवारी, रविवार
बाह्या वर करून, हात टाकीत बुडवून काच घासत होते. मागून लेकीचा आवाज — "ही माझी आई." पाहुण्यांना घेऊन थेट इथंच आली होती! मी हात पुसायला फडकं शोधू लागले. विहीणबाईंनी माझा हात ओलाच आपल्या हातात घेतला. "हिनं वाटेत सगळं सांगितलंय," म्हणाल्या. "आधी मासे दाखवा."