कापलेली चार मिनिटं

ता. ४

चि. टकळीस, अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. रविवारचा तुझा रेडिओवरचा कार्यक्रम आपल्या खाडीकाठच्या सगळ्या गल्लीने माझ्या पंपदुरुस्तीच्या दुकानात बसून ऐकला. बदलत्या हवामानात जगायचं कसं, हे तू एवढ्या लेखकांना विचारतेस. पण या लेखिकेच्या मुलाखतीचा शेवट मनाला भिडला. खाडीकाठची माणसं पाण्याबरोबर जगायला शिकतात, हरत नाहीत, असं ती म्हणाली. शेजारच्या शिंपीणकाकू तर रडल्याच.

वरच्या माळावर घराला जागा मिळावी म्हणून आम्ही सातही घरांनी अर्ज भरले होते. वीस तारीख शेवटची. कार्यक्रम संपला आणि अर्ज फाडून टाकले. मी घराचं जोतं दोन फूट वाढवायला घेतलंय. तुझी वहिनी म्हणते, नणंद एकदाची कामाला आली.

लोभ आहे, तो असाच राहू दे.

तुझा दादा

ता. ८

ती. दादास, सा. न. वि. वि.

जोत्याचं काम थांबव, हे वहिनीला फोनवर सांगितलंच आहे. कारण फोनवर सांगताना मी सारवासारव केली असती, म्हणून ते लिहून देते.

ते वाक्य लेखिका बोलली होती, पण तो शेवट नव्हता. त्यापुढे ती चार मिनिटं बोलली. तिचंही घर असंच काठावर होतं. त्यांनी आधी जोतं वाढवलं, मग भिंती. तिसऱ्या वर्षी पाणी आलं तेव्हा वडिलांना खिडकीतून बाहेर काढावं लागलं, आणि ते वाचले नाहीत. उंचावर जागा मिळत असेल तर आज उठा, असं तिने स्वच्छ सांगितलं.

ती चार मिनिटं मी कापली. आमच्याकडे मुलाखत आशेवर संपवायची पद्धत आहे, ऐकणारा उदास होऊ नये म्हणून. इतक्यांदा केलंय की हात आपोआप चालतो. त्या काठावर तू राहतोस, हे तेव्हा मनातही आलं नाही, याची मला लाज वाटते.

हे पत्र सगळ्यांना वाचून दाखव. रागाव हवं तेवढं, पण लोभ सोडू नकोस.

तुझी टकळी

ता. १२

चि. टकळीस, राग आहे, तरी आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवलं. कोणालाच पटलं नाही. शिंपीणकाकू म्हणाल्या, बहीण आहे, भावाच्या काळजीने घाबरवणारच. खरं काय ते रेडिओवरच सांगितलंय.

माझी चूक तुझ्याहून मोठी आहे. दोन वर्षं दुकानात येणाऱ्या एकूणएक पंपावर मीठ धरलेलं असतं. विहिरी खारट होतायत, हे मी रोज हाताने खरवडतो. पण मला इथेच राहायचं होतं. तुझ्या कार्यक्रमात तसं ऐकलं आणि डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. अर्ज फाडायला सुरुवातही मीच केली. आता सहा घरं मागे टाकून एकटा वर जायला माझं मन घेत नाही.

कापलेला भाग रेडिओवर लाव. आठच दिवस राहिलेत.

लोभाचं काय विचारतेस, तो आहेच.

दादा

ता. १५

ती. दादास, सा. न. वि. वि.

रेडिओवरच्या आमच्या साहेबांना हातापाया पडून सांगितलं. झालेला कार्यक्रम पुन्हा उकरायचा नाही, म्हणाले. मग लेखिकेलाच फोन केला आणि सगळं कबूल केलं. तिने विचारलं, एवढंच नेमकं का कापलं. शेवट आशेवर हवा होता, असं मी म्हटलं. वेळेवर उठता येतं, तीच आशा होती, असं ती म्हणाली.

अठराला सकाळी आम्ही दोघी येतो. सगळ्यांना दुकानात बसव. पटेलच असं नाही. स्वतःच्या वडिलांना ती पटवू शकली नव्हती, हे तिने आधीच सांगितलंय. तरी नगरपालिकेतून सात कोरे अर्ज आणून ठेव.

ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलेल. तुला खरं वाटणार नाही, पण मी मध्ये एक शब्दही बोलणार नाही.

लोभ ठेवलास, त्याला जागेन.

तुझी टकळी