पान ८८ वरची मुद्दाम केलेली चूक

अण्णा,

पान ८८ च्या समासात मी पेन्सिलीने लिहिलेला आकडा अजून तसाच आहे. आपल्या अंतराळयानाच्या कादंबरीमालिकेचा पाचवा भाग तुमच्या टेबलावर ठेवून आज एकोणसाठ दिवस झाले. आधीच्या चारही भागांत मी समासात हिशेब मांडायचा आणि तुम्ही लाल पेन्सिलीने चुका काढायच्या, ही आपली रीत. म्हणून या वेळी मी मुद्दाम चुकले. यान चार प्रकाशवर्षं दूर आहे, तेव्हा त्याने पाठवलेल्या निरोपाला पृथ्वीचं उत्तर चार वर्षांत मिळेल, असं लिहिलं. निरोप पोचायला चार आणि उत्तर यायला आणखी चार, हे येलदरीच्या वीजघरात तीस वर्षं मीटर वाचलेल्या माणसाच्या नजरेतून सुटलं नसतं. आई गेल्यापासून तुम्ही पुस्तक उघडलेलंच नाही.

भाकरी दुरडीत आहेत, वरण गरम करून घ्या. रक्तदाबाची गोळी जेवणानंतर. शेजारच्या दगडाबाई मावशी ताक आणून देतील. काल त्या म्हणाल्या, "पोरी, अण्णा बोलंनात अन् तू बी बोलंनास. घरात दोन माणसं हाईत का दोन खांब?" मी हसले. नंतर बराच वेळ भांडीच घासत बसले.

जिंतूरला माझ्या शाळेत नोकरीचा राजीनामा द्यायला जाते आहे, पाचच्या बसने येईन. पुण्याच्या प्रयोगशाळेने देऊ केलेल्या नोकरीला मी तीनदा नकार दिला, तुम्हाला एकटं कसं ठेवायचं म्हणून. पण दोन खांबांची एकमेकांना कसली सोबत? आज सकाळी तुम्ही अंगणात असताना त्यांना फोन केला आणि तुम्हाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "होय, मी एक तारखेला येते."

मंजुषा