खिळ्यावरची लाल दोरी

१ ऑक्टोबर, रविवार

लुश्कानला पोचले. फेरीबोटीतून उतरताना सामान घ्यायला चार म्हातारे धावत आले आणि चौघांनी मिळून एक पिशवी उचलली. बाकीच्या तीन मीच आणल्या. तासाभरात सगळ्यांनी मला 'शोरा फानिका' करून टाकलं. शोरा म्हणजे बाई. चौसष्टाव्या वर्षी बाई म्हणवून घ्यायला हरकत नाही.

बेट मला आवडलं. मोटारी नाहीत, बेकरी एकच, समोर निळंशार पाणी. खोली धक्क्यावर आहे आणि खिडकीतून मी चालवणार ती बोट दिसते. टेबलावर कुणीतरी तळलेले सार्डिन मासे आणि पालकासारखी ब्लित्वाची भाजी झाकून ठेवून गेलं होतं. मीठ जास्त, पण भूक लागली होती.

काम सोपं आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार शोरा पेरिना यांना समोरच्या किनाऱ्यावर झादर शहरातल्या इस्पितळात डायलिसिसला न्यायचं आणि परत आणायचं. फेरीबोट फक्त शुक्रवारी आणि रविवारी येते. आधीचा चालक लोव्रे फेब्रुवारीत समुद्रात नाहीसा झाला, तेव्हापासून पेरिनाबाई झादरला भाचीच्या घरी कोचावर झोपत होत्या. आज माझ्याबरोबरच परत आल्या. मला म्हणाल्या, माझ्या मूत्रपिंडांनी संप केलाय, पण पाठीने नाही केला, तिला आपला पलंग हवा.

मी रियेकाला जहाजांची इंजिनं शिकले, वर्गात एकटी मुलगी. नंतर एकतीस वर्षं बंदराच्या कचेरीत बोट चालवण्याच्या परवान्याच्या परीक्षा घेतल्या. निम्मे लोक मी नापास केले. ते निम्मे आज जिवंत आहेत.

२ ऑक्टोबर, सोमवार

बोट तपासली. इंजिन उत्तम. एकच लिव्हर: पुढे, न्यूट्रल, मागे. न्यूट्रलवर श्वासभर थांबून मगच मागे घ्यायचा, नाहीतर गिअर मोडतो. क्रूझ कंट्रोल आहे, वेग ठरवून दिला की बोट तोच धरून ठेवते. ते मोकळ्या पाण्यातच लावावं, खुर्ची सोडू नये, हात लिव्हरजवळ ठेवावा. लिव्हरला हात लागला की ते सुटलंच पाहिजे.

फक्त चालकाची लाल दोरी जागेवर नाही. तिची क्लिप इंजिनाच्या बटणाखाली बसते आणि फास चालकाच्या मनगटात. माणूस पाण्यात पडला की क्लिप निघते आणि इंजिन जागच्या जागी बंद होतं. इथे सगळे ती मनगटाऐवजी सुकाणूलाच अडकवून ठेवतात. मी धक्क्यावर तीन जणांना झापलं. बार्बा, म्हणजे काका, क्र्शेवान म्हणून एक ऐंशीचे जुने खलाशी आहेत. ते म्हणाले, अहो शोरा, तुम्ही इंजिनाला कुत्र्यासारखं बांधून फिरवणार, की ते तुम्हाला? सगळे हसले. मी हसले नाही.

लोव्रेनेही तेच केलं होतं. क्रूझ नऊ नॉट वेगावर लावलं, दोरी सुकाणूला अडकवली, मागे काहीतरी आवरायला गेला आणि पडला. बोट दीपस्तंभाच्या खडकासमोर गोल गोल फिरत राहिली, डिझेल संपेपर्यंत. बोट मिळाली, तो नाही.

३ ऑक्टोबर, मंगळवार

दोरीशिवाय मी निघत नाही. पण नवी झादरलाच मिळते आणि पेरिनाबाईंची वेळ साडेनऊची होती. बेटाच्या टोकावरच्या पांढऱ्या चॅपेलमध्ये खलाशांच्या संत निकोलाच्या तसबिरीखाली सात खिळे आहेत आणि सातांवर सात लाल दोऱ्या, प्रत्येकीला नावाची लाकडी पट्टी. समुद्रात गेलेल्या, न सापडलेल्या माणसांच्या आहेत. सातवी लोव्रेची, माझ्याच बोटीची. पट्टी खिळ्यावर राहू दिली आणि दोरी आणली.

बार्बांनी ती माझ्या मनगटावर पाहिली आणि चेहराच उतरला. म्हणाले, खिळ्यावर दोरी आहे म्हणजे माणूस बोटीवरून उतरला. ती काढलीत तर तो कुठे चढणार? मी सांगितलं, ही वस्तू जीव वाचवण्यासाठी केलेली आहे, भिंत सजवण्यासाठी नाही.

धक्क्यावर चाचणी घेतली. दोरी ओढली, एका सेकंदात इंजिन बंद. नियमाप्रमाणे प्रत्येक खेपेआधी घेणार आणि इथे लिहिणार.

बाहेर पडल्यावर चौदा नॉटवर क्रूझ लावलं. पडद्यावर ९.० आलं. पुन्हा लावलं, पुन्हा ९.० आलं. लिव्हर हलवला तेव्हा सुटलं. वायर ढिली असणार.

५ ऑक्टोबर, गुरुवार

चाचणी: चार सेकंद. क्लिप हातात आली तरी इंजिन चार सेकंद चालू होतं.

क्रूझला हात लावला नाही. खडक मागे पडल्यावर ते आपोआप लागलं, नऊवर. लिव्हर पूर्ण मागे घेतला तेव्हा कुठे सुटलं. पेरिनाबाईंना काही बोलले नाही. त्या बेकरीवाल्याच्या सुनेबद्दल बोलत होत्या. येताना झादरला मेकॅनिकला दाखवलं. तो म्हणाला, काकू, बोट ठणठणीत आहे, तुम्ही जरा विश्रांती घ्या. त्याच्याच दुकानातून नवी दोरी घेतली.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

नवी दोरी लावली. क्लिप नीट बसते, हिरवा दिवा लागतो, पण इंजिन सुरू होत नाही. दहा वेळा पाहिलं. जुनी लावली की पहिल्या किल्लीला सुरू.

बार्बा धक्क्यावर जाळं शिवत बसले होते. वर न बघता म्हणाले, बोटीला तिचा माणूस परत मिळालाय, ती आता दुसऱ्याची दोरी कशाला घेईल? मी म्हटलं, इंजिनाला नाव वाचता येत नाही. ते म्हणाले, शोरा, वाचता येत नसतं तर बरंच झालं असतं.

नवी दोरी स्वयंपाकघरातल्या खणात टाकली.

७ ऑक्टोबर, शनिवार

चाचणी: अकरा सेकंद.

जाताना खडकासमोर बोट डावीकडे वळू लागली. मी सुकाणू उजवीकडे धरून ठेवलं होतं. दोन्ही हातांनी. ते माझ्या हातांविरुद्ध फिरलं, शांतपणे, एखाद्याला रस्ता पाठ असावा तसं. अर्धी फेरी झाल्यावर सुटलं.

इस्पितळात दहा मिनिटं उशीर. पेरिनाबाई म्हणाल्या, मास्तरीणबाई, तुम्हीसुद्धा वाट चुकता म्हणजे मला फार बरं वाटलं. त्यांचे पाय सुजलेले आहेत.

मनगटावर फासाचा वळ उठला आहे. फास मी सैल ठेवते.

१० ऑक्टोबर, मंगळवार

चाचणी: बावन्न सेकंद. किल्लीही काढून घेतली होती. किल्ली माझ्या हातात आणि इंजिन चालू.

जाऊ नये हे मला कळतं. माझ्यासमोर कुणी अशी बोट घेऊन आलं असतं तर मी त्याचा परवाना फाडला असता. पण शनिवारनंतर डायलिसिस थेट आज. एक खेप चुकली तर त्या बाईंच्या अंगात पाणी साठतं, छातीपर्यंत. बार्बांची होडी वल्ह्यांची. बाकीच्यांनी बोटी हिवाळ्यासाठी ओढून वर घेतल्या आहेत. कुणी माझ्याकडे बघत नाही.

खडकासमोर एक पूर्ण फेरी. मग सोडलं.

येताना ठरवलं. परवा गुरुवारची एकच खेप. पेरिनाबाई भाचीकडे राहतील, मी बोट झादरलाच सोडून फेरीबोटीने परत येईन आणि दोरी खिळ्यावर टांगीन. त्यांनी सुजलेले पाय समोर पसरले. मग म्हणाल्या, पलंगाचं काही नाही हो, कोचही चालेल.

११ ऑक्टोबर, बुधवार

रात्रीसाठी दोरी मनगटातून काढायला गेले. फास निघत नाही. मनगटावरून सरकतच नाही. कात्री लावली. कात्रीची धार गेली.

बार्बांना दाखवलं. त्यांनी माझा हात खूप वेळ धरून ठेवला. टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं —

१२ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी ८.५०. बोटीत लिहिते आहे. हात मोकळे आहेत. करण्यासारखं काहीच उरलेलं नाही.

चाचणी: इंजिन बंद झालं नाही. आपोआप निघालो. धक्क्याला बांधलेले दोर मी सोडले नव्हते, ते तुटले. पेरिनाबाई आधीच आत बसल्या होत्या.

नऊ नॉट. खडकासमोर गोल. लिव्हर न्यूट्रलला आहे. किल्ली खिशात. डिझेलचा नळ बंद केला.

९.०५. वायरलेसवर झादरला कळवलं. मदत निघाली, पन्नास मिनिटं लागतील. एक फेरी दोन मिनिटांची. प्रत्येक फेरीत वर्तुळ खडकाकडे सरकतं आहे. मोजलं. दहा फेऱ्या, फार तर अकरा. पेरिनाबाईंना पोहता येत नाही. जॅकेट दोनदा तपासून घातलं आहे. खडकावर लाट फुटते तिथे जॅकेटचा काय उपयोग.

९.११. दोरीची क्लिप बटणापासून सुटून काठावरून खाली पाण्यात गेली आहे. दोरी ताणलेली आहे. ओढ जाणवते. जोरात नाही. कुणी हात धरून चालावं तशी.

९.१४. वायरलेसवर बार्बा. किती फेऱ्या उरल्या, विचारलं. मी म्हटलं, सहा. पेरिना कशी आहे, विचारलं. बरी आहे. मग म्हणाले, शोरा, तुमची ती नवी दोरी कुठे ठेवलीत? मी सांगितलं, स्वयंपाकघरात, खणात, चमच्यांच्या मागे. ते म्हणाले, बरं. मग म्हणाले, मला माफ कर हं, पोरी.

मला आजवर कुणी पोरी —

९.१९. तीन फेऱ्या उरल्या. दुर्बिणीतून चॅपेल दिसतं. बार्बा चढण चढत आहेत. एका हातात लाल दोरी आहे. दुसऱ्या हातात हातोडी आणि खिळा, आठवा.

पेरिनाबाईंनी दुर्बीण हिसकावली. मग वायरलेस हिसकावला. ओरडत आहेत. अरे क्र्शेवान, नको रे, ती इथे बसलीये, जिवंत आहे, माझ्यासमोर बसलीये, लिहितेय!

बार्बा थांबले नाहीत. दारातून आत गेले.

त्यांचं बरोबर आहे. खिळ्यावर दोरी म्हणजे माणूस उतरला. माणूस उतरला की इंजिन बंद. हेच मी एकतीस वर्षं परीक्षेत विचारलं.

९.२२. एक फेरी उरली. खडकावरचं शेवाळ दिसतं.

टक्. पाण्यावरून आवाज आला. टक्. हातोडी. इतक्या लांबून ऐकू येतंय म्हणजे इंजिन मंदावलं. हो. पडद्यावर ६.०. ४.०. पेरिनाबाई वाचतील. बाई, रडू नका, माझा हात सोडा, तुम्हीही ओढल्या जाल. वही तुमच्याकडे —

२.०. दोरी आता जोरात —

पेरिनाबाई, हात सो