मागाच्या खड्ड्यातली हवा

अण्णा, तुमच्या मागाचा खड्डा मी गेल्या आठवड्यात उपसला. सांगायचं एवढंच होतं. पण ते सांगायचं तर आधी पंख्याचं सांगावं लागतं, पंख्याचं सांगायचं तर डॉक्टरचं, आणि माझं तुम्हाला ठाऊकच आहे, वाटेत रिकामी बैलगाडी दिसली तरी मी तिच्यामागं जाणार. नगरच्या एसटी स्टँडवर बसून लिहितोय. बाकड्यावर शेजारी एक माणूस पिशवीत कोंबडी घेऊन बसलाय, ती मधून मधून डोकं वर काढून माझ्या कागदाकडं बघते. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. सातवीनंतर मी शाळेचं तोंड बघितलं नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका.

आईला दमा लागलाय. अगदी तुमच्यासारखा. सकाळी उठल्या उठल्या शिंका सुरू होतात, दहा, बारा, मोजायचं सोडून द्यावं इतक्या, डोळ्यांतून पाणी, आणि मग छातीत ती शिट्टी. मी वर्षभर ट्रकवर क्लीनर होतो, त्याआधी साखर कारखान्यावर, त्याआधी एका तंबूतल्या सिनेमाबरोबर गावोगाव फिरलो, पण ती शिट्टी मी कुठंही ओळखली असती. पाऊस नाही म्हणून ट्रकचं काम बसलं आणि उन्हाळ्यात मी जामखेडला घरी आलो, सरकारी कामावर खडी फोडायला लागलो. दारात पाऊल ठेवलं तर आतून ती शिट्टी. मला वाटलं तुम्हीच आत बसलाय. खरं सांगतो, दोन मिनिटं मी उंबऱ्यावरच थांबलो.

घर तसंच आहे, एकच खोली, तीच निजायची, तीच बसायची. दाराशी उजेडाला तुमचा माग होता. मागाची लाकडं आईनं कधीच काढून दिली, पण पाय सोडायचा खड्डा कोण काढून देणार? त्यावर तिनं फळ्या टाकल्या, फळ्यांवर पोतं, आणि त्यावर तुम्ही विणलेली शेवटची घोंगडी. काळी, दोन्ही काठांना पांढरी रेघ असलेली. त्या खड्ड्यावरच ती बारा वर्षं निजते. मी विचारलं, इथंच का, भिंतीकडं का नाही? तर म्हणाली, "हितं ऊब लागती."

तिला नगरच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर तरुण होता, माझ्याहून दोन-चार वर्षांनीच मोठा. त्यानं विचारलं, "बाई, अंथरूण कसलं आहे?" आई म्हणाली, "घोंगडी. आमी घोंगडीवालेच हाओत." त्यानं मान हलवली आणि ॲलर्जी म्हणाला. मी दोनदा विचारलं तेव्हा त्यानं फोड करून सांगितलं, की लोकरीची बारीक धूळ नाकात गेली की काहींचं शरीर तिच्याशी भांडायला उठतं, आणि भांडता भांडता स्वतःचाच गळा दाबतं. मग विचारलं, "धुरी देता का?" आई मोठ्या उमेदीनं म्हणाली, "रोज. निंबाच्या पाल्याची, दार लावून. हवा शुद्ध होती." डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "धुरी आजपासून बंद. आणि घोंगडी खोलीच्या बाहेर."

"ते न्हाई जमायचं."

"का?"

"त्यांनी इनलेली शेवटची हाय ती."

"मग खोलीतली हवाच गाळून घ्या, चहासारखी!" तो वैतागून म्हणाला आणि पुढच्याला बोलावलं.

आई बाहेर येऊन बाकड्यावर टेकली. मी मात्र तिथंच उभा. निंबाच्या धुरीचं डोक्यातून जात नव्हतं. तुम्हाला आठवतंय? तुम्ही अंथरुणाला खिळला होता आणि तुम्ही मला कर्जतच्या वाटेवरून पाला आणायला पाठवलं. वाटेत डांबराचं काम चालू होतं, रोड रोलर होता. मी दिवे लागेपर्यंत त्याच्या मागं मागं चाललो. परत आलो तर तुम्ही भिंतीला टेकून बसलेले. मारलं नाही. दोन दोन शब्दांनी थांबत म्हणालात, "जायचं तर सांगून जा रं. निमित्त काढून जाऊ नको." चारच दिवसांनी मी पुन्हा पाला आणतो म्हणून निघालो आणि बीडकडं जाणाऱ्या ट्रकवर चढलो. ड्रायव्हर बस म्हणाला, मी बसलो. तिसऱ्या दिवशी परतलो तेव्हा सगळं उरकलं होतं. भावकीतल्या पोरानं तुम्हाला पाणी दिलं. आणि आता हा डॉक्टर म्हणतो, धुरी वाईट. म्हणजे मी पाला आणला नाही तेच बरं झालं? हा विचार मी करून बघितला अण्णा, खडी फोडताना चार-सहा दिवस करून बघितला. त्याच्या आडोशाला बसता येत नाही.

पण डॉक्टरचं ते वाक्य मी उचललं. हवा गाळता आली तर घोंगडी राहील. आई श्वास घेईल आणि तुमची वस्तूही तिच्या अंगाखाली राहील. तिला पाहुण्यांकडं सोडून मी कापडबाजाराकडच्या विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो. हवा साफ करायचं यंत्र द्या म्हटलं.

"कशाला, गिरणी काढली का?" दुकानदार.

"आईच्या खोलीत लावायचंय. धूळ गाळून घेणारं पाहिजे."

"तसलं अमेरिकेत मिळत असंल बाबा. हितं फडकं मिळतं, नाकाला बांधायचं." गिऱ्हाइकं हसली, मीही हसलो, मला कुठंही हसायची सवय आहे. मग त्याला दया आली असावी. त्यानं मला आत नेलं. एक टेबलावरचा पंखा, पण तो तीच धूळ खोलीत फिरवणार. दुसरा वाळ्याचा कूलर, लष्करातल्या कुणा साहेबाची बदली झाली म्हणून विकायला आलेला. "ह्यो बघ, वल्या वाळ्यातनं हवा येती, धुऊन आल्यासारखी. तुला पायजे तो ह्योच." मी नाक लावलं. काय वास होता अण्णा! तळ्याकाठी उभं राहिल्यासारखं वाटलं. मी त्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते. मग विचारलं, पाणी किती लागतं? तो म्हणाला, दिवसाला चार बादल्या तरी. आमच्या आळीला टँकर येतो तेव्हा आईच्या वाट्याला दोन हंडे येतात, तेही भांडून. माणसांना प्यायला नाही तिथं हवेला काय पाजू? म्हणून तिसरा घेतला, उलटा पंखा, भिंतीत बसवायचा. आतली हवा बाहेर फेकतो. दुकानदार बजावून सांगत होता, "दुसऱ्या अंगानं चांगली हवा कुठनं येनार ते आधी बघ बरं का," पण तेव्हा कुणीतरी रेडिओ लावून बघत होतं आणि माझं अर्धं ध्यान तिकडं. ऐकलं सगळं. ध्यानात काहीच ठेवलं नाही.

वायरमननं मागच्या भिंतीत भगदाड पाडून पंखा बसवला. आईला मी घोंगडीवर बसवलं, जत्रेतल्या जादूवाल्याच्या थाटात खिडकी लावली, दार लावलं, की बाहेरची धूळ नको, आणि बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. हवा आत यायला जागा एकच उरली होती, दाराखालची फट. आणि दाराशी तुमचा खड्डा. वारा फटीतून आत शिरला, फळ्यांच्या सांदीतून खाली गेला आणि बारा वर्षं तळाशी बसलेलं सगळं घेऊन वर आला. भगदाडातून उन्हाची तिरीप पडली होती, तिच्यात मी बघतोय, काळे पांढरे बारीक तंतू, भुरभुर, हजारो, आणि सोबत तो वास. लोकरीचा, धाग्याला लावायच्या चिंचोक्याच्या खळीचा, तुमच्या बंडीचा. मी खुळ्यासारखा बघतच राहिलो. आईकडं बघायचं सुचलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते.

उचलून ओट्यावर आणली. शेजारच्या काकू धावत आल्या, पाठ चोळायला लागल्या, मला म्हणाल्या, "आरं मुडद्या, काय केलंस?" गावातल्या डॉक्टरला आणलं, इंजेक्शन झालं. बऱ्याच वेळानं तिला बोलण्याइतका श्वास आला, तेव्हा ती रागावली नाही. माझं मनगट धरून म्हणाली, "त्यांचा वास आला रं." आणि हसली. इतक्या वर्षांत तिला तसं हसताना मी बघितलं नव्हतं.

मग गेल्या आठवड्यात, तिला काकूंकडं ठेवून, नाकाला फडकं बांधून मी खड्ड्यात उतरलो. तळाला लोकर बसून बसून थर झाला होता, हातानं उचलला तर अख्खाच्या अख्खा आला, विणल्याशिवाय झालेली घोंगडीच जणू. तुमच्या टाचांनी भिंतीला पडलेले दोन गुळगुळीत खळगे आहेत. मी त्यांत टाचा ठेवून बघितल्या. माझ्या मोठ्या झाल्यात. कोपऱ्यात तुमच्या मागाचा धोटा सापडला, त्यात अजून धागा भरलेला. तो धागा मी उकलून काढून टाकला, कारण तीही लोकरच. धोटा पुसून आईला दिला. तिनं आतली पोकळी बोटानं चाचपली आणि माझ्याकडं बघितलं.

खड्डा मुरमानं भरला, वरून सारवलं. खिडकी उघडी, पंखा चालू. आई धुतलेल्या वाकळेवर निजते आणि सकाळी दोनच शिंका येतात. पंख्याची माझी निवड चुकली नाही म्हणायची. पण ती आता खोलीत पाहुण्यासारखी बसते, पाय आखडून. ऊब लागत नाही म्हणते, ह्या उन्हाळ्यात. घोंगडी तेवढी राहिली होती, दोरीवर. काल ती दोरीकडं न बघता म्हणाली, "ने मग. टाकू नको पन." मी म्हटलं, नगरला पाणी आहे, धुऊन आणतो. ती म्हणाली, "कवा येशील?" मी म्हटलं, चार दिवसांत.

घोंगडी माझ्या मांडीवर आहे. मगापासून नाकात हुळहुळतंय, तीन शिंका झाल्या, कोंबडीवाला जरा सरकून बसलाय. समोर नाशिकची गाडी लागलीय. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं असतं ते मला ठाऊक नाही, घडी करून घोंगडीतच ठेवीन.

एक राहिलं. घोंगडी नगरला आणायची गरज नव्हती. काकूंच्या माळ्यावर जागा होती, त्या आपणहून म्हणाल्या होत्या, "हितं ठिव की, तुझ्या आईला येऊन बघता यील." मी ते आईला सांगितलं नाही. निमित्त काढून आलोय, अण्णा.